एक्सेलमधलं पायथन घ्यावं की आर आणि क्वार्टो?

भाचीचा मेसेज, मामा दर महिन्याला तोच सर्व्हे रिपोर्ट करावा लागतो, एक्सेलमध्येच पायथन लिहू की आर शिकू?

पायथन आणि आर या दोन्ही प्रोग्रामिंग भाषा, आर खास आकडेवारीसाठीची, आणि क्वार्टो म्हणजे मजकूर आणि कोडमधून रिपोर्ट बनवणारं साधन. खर्चाचं म्हणशील तर आर आणि क्वार्टो दोन्ही फुकट, एक्सेलमधल्या पायथनला मात्र मायक्रोसॉफ्ट ३६५ चं सबस्क्रिप्शन लागतं, आणि कोड तुझ्या लॅपटॉपवर नाही तर त्यांच्या क्लाउडवर चालतो म्हणजे नेट गेलं की बसा. डेटात लोकांची नावं, आजार वगैरे असतील तर आधी ऑफिसात विचार. आर तुझ्याच मशीनवर चालतं.

शिकायला एक्सेलवालं सोपं, सेलमध्ये पीवाय (PY) फंक्शन टाकायचं, रेंज सिलेक्ट करायची, पांडाज हे तक्ते हाताळायचं पायथनचं पॅकेज तयारच असतं. पण कोड सेलांत विखुरतो आणि तो डावीकडून उजवीकडे, मग खालच्या ओळीत असा क्रमाने चालतो, त्यामुळे वरचा सेल खालच्यावर अवलंबून ठेवलास की गडबड. सहा महिन्यांनी कुठे काय लिहिलंय ते शोधत बसायचं, मी बसलोय!

क्वार्टोत मजकूर आणि आरचा कोड एकाच फाइलमध्ये, नवीन एक्सेल फाइल दिली की तक्ते, आलेख, आकडे बदलून वर्ड डॉक्युमेंट तयार. फक्त साहेबांनी वर्डमध्ये केलेल्या दुरुस्त्या पुढच्या वेळी उडतात, त्या मूळ फाइलमध्ये करायच्या.

तुझं काम दर महिन्याचं म्हणून आरच शिक, पहिले दोन आठवडे डोकं फिरेल. एकदाच काहीतरी बघायचंय, शीट एक्सेलवाल्यांनाच द्यायचीय, तर पायथन बरं.