फायर ऑडिटचं रहिवाशांना कसं कळवायचं: व्हॉट्सअ‍ॅप, लिफ्टजवळचा कागद की दारोदार?

तुम्ही सोसायटीच्या समितीवर असाल, तर जानेवारी आणि जुलै हे दोन महिने तुमच्या चांगलेच ओळखीचे असतील. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, वर्षातून या दोन वेळा परवानाधारक एजन्सीकडून घेऊन अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावं लागतं. एजन्सीची माणसं येतात, पंप चालवून बघतात, हूटर, म्हणजे आगीचा इशारा देणारा भोंगा, वाजवतात. कागद मिळतो आणि फाइलला लागतो. रहिवाशांपर्यंत पोचते ती एवढीच ओळ: ‘फायर ऑडिट पूर्ण झाले. सहकार्याबद्दल धन्यवाद.’

त्या ओळीवरून 17व्या मजल्यावरच्या बाईंना आपल्या लॉबीतल्या होज रीलला, म्हणजे आग विझवायच्या गुंडाळलेल्या पाइपला, पाणी येतं की नाही हे कळत नाही. ते कळलं पाहिजे. खालच्या सगळ्या मार्गांची तुलना मी याच एका कसोटीवर केली आहे. ठाण्यातल्या आमच्या 23 मजली, 92 घरांच्या इमारतीत तीन वर्षं समितीवर राहून यातला प्रत्येक मार्ग वापरून बघितला आहे.

आधी बघा, घरात कोण असतं

परळच्या क्रिस्टल टॉवरला 22 ऑगस्ट 2018 रोजी आग लागली ती सकाळी साडेआठच्या सुमारास. करी रोडच्या अविघ्न पार्कमध्ये 22 ऑक्टोबर 2021 ला 19व्या मजल्यावर आग लागली तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. ताडदेवच्या सचिनम हाइट्समध्ये 22 जानेवारी 2022 ला सकाळी साडेसातच्या सुमारास. अशा वेळी घरात आजी-आजोबा असतात, शाळेला न गेलेली मुलं असतात, स्वयंपाकाच्या मावशी असतात, एखादा भाडेकरू रात्रपाळी करून झोपलेला असतो. सोसायटीच्या ग्रुपवर यातलं बहुधा कोणीच नसतं. ग्रुप घरमालकांचा, आणि निम्मे मालक ऑफिसात.

क्रिस्टल टॉवरमध्ये धुरात अडकलेल्या शेजाऱ्यांना ओल्या कपड्यातून श्वास घ्यायला सांगितलं ते दहा वर्षांच्या एका मुलीनं. तिला ते शाळेत शिकवलं होतं. माहिती घरातल्या नेमक्या माणसापर्यंत पोचली की काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप आणि सोसायटीचं अ‍ॅप

व्हॉट्सअ‍ॅप त्याच दिवसाच्या निरोपाला उत्तम. ‘आज 11 ते 12 पंपाची चाचणी, वरच्या मजल्यांवर हूटर वाजेल’ हे तिथेच टाकावं. पण पाहणीचा निकाल तिथे टाकू नका. वाढदिवसाच्या शुभेच्छा, पार्किंगची भांडणं आणि पाणी कधी येणार या विचारणांखाली तो तासाभरात गाडला जातो.

आमची एक चूक सांगते, कारण त्यात एका माणसाला त्रास झाला. पहिल्या वर्षी हूटरच्या चाचणीची सूचना आम्ही आदल्या रात्री फक्त ग्रुपवर टाकली, तीही इंग्रजीत. दुसऱ्या दिवशी हूटर वाजल्यावर 16व्या मजल्यावरच्या ऐंशीच्या आजी कामाच्या मावशींचा हात धरून जिन्यानं उतरायला लागल्या. नवव्या मजल्यावर त्या बसल्या तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं. नंतर कधीही हूटर वाजला की लोक म्हणायला लागले, ‘टेस्टिंग असेल.’ ही सवय जायला आम्हाला वर्ष लागलं. चाचणी न सांगता केली की घाबरणारी माणसं घाबरतात आणि बाकीची बेफिकीर होतात. दोन्ही वाईट.

मायगेट, नोब्रोकरहूड किंवा अड्डा यांपैकी एखादं अ‍ॅप तुमच्याकडे असेल, तर त्याचा खरा उपयोग नोंद राहण्यासाठी आहे. फॉर्म बी, एजन्सीचा अहवाल आणि दुरुस्तीची बिलं तिथे टाकली की दोन वर्षांनी येणाऱ्या नव्या समितीलाही सापडतात. वाचण्याचं मात्र गृहीत धरू नका. डिलिव्हरीवाल्यांच्या सूचनांना कंटाळून अनेकांनी अ‍ॅपचा आवाजच बंद केलेला असतो.

इमारतीतली उद्घोषणा

हा मार्ग समित्या विसरतात. उंच इमारतीत पी. ए. सिस्टिम, म्हणजे मजल्यामजल्यावर घोषणा ऐकवणारे स्पीकर, बसवलेली असते, पण कित्येक ठिकाणी ती पहिल्या पाहणीनंतर कोणी वापरलेली नसते. चाचणीच्या दहा मिनिटं आधी आणि चाचणी संपल्यावर मराठीत आणि हिंदीत घोषणा करा. ती आजींनाही ऐकू जाते आणि मावशींनाही. शिवाय घोषणा हीच एक तपासणी आहे: प्रत्येक मजल्यावर एका माणसाला उभं करा आणि कुठे ऐकू आलं नाही ते लिहून घ्या. आमच्याकडे सलग चार मजले मुके निघाले होते. कुठल्याही अहवालात ते आलं नव्हतं.

लिफ्टजवळचा कागद

पाहणीचा निकाल कळवायला माझी पहिली पसंती हीच. तळमजल्यावरच्या कुलूपबंद काचेच्या फलकावर लावू नका, तिथे कोणी थांबत नाही. लिफ्टच्या आत आणि प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराशेजारी लावा, जिथे माणूस रोज अर्धा मिनिट उभा असतो.

कागदावर काय असावं यावर मात्र सगळं अवलंबून आहे. आमच्या एका कागदावर असं होतं: ‘पाहणी 11 जानेवारी. 14वा मजला: होज रीलला नोझल नाही. 9 ते 12: डिटेक्टर (धूर ओळखणारं यंत्र) बंद. डिझेल पंप तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाला. 6वा मजला: जिन्याचं फायर डोअर विटेनं अडवलेलं, डक्टसमोर चपलांचं कपाट. दुरुस्ती 25 जानेवारीपर्यंत, पाठपुरावा सचिव.’ दुसऱ्याच दिवशी सहाव्या मजल्यावरचं कपाट हललं. आधीच्या दोन विनंतीपत्रांनी ते हललं नव्हतं.

समितीत यावर हमखास वाद होतो. ‘उणिवा अशा उघड लावल्या तर फ्लॅटची किंमत पडेल, उद्या आपल्यावरच येईल.’ ही भीती मी समजू शकते. पण कायद्यानं यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर टाकलेलीच आहे. कागद न लावल्यानं ती कमी होत नाही. आणि बंद डिटेक्टरखाली झोपणाऱ्या कुटुंबाला ते माहीत असण्याचा हक्क आहे, याबाबतीत मी मागे हटणार नाही.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 ला 72 माणसं गेली. तिथल्या रहिवाशांनी आगीच्या धोक्याबद्दल आधीच इशारे दिले होते. त्यानंतर इंग्लंडमध्ये 23 जानेवारी 2023 पासून नियम आला: किमान 18 मीटर उंच किंवा सात वा अधिक मजल्यांच्या निवासी इमारतींत लिफ्ट आणि आग विझवण्याची मुख्य साधनं दरमहा तपासायची आणि त्याची नोंद रहिवाशांना बघता आली पाहिजे. बिघाड 24 तासांत दुरुस्त होणार नसेल तर अग्निशमन दलाला कळवायचं. आपल्याकडे फॉर्म बी अधिकाऱ्याकडे जातो, पण रहिवाशाच्या हाती आपोआप येत नाही. लिफ्टजवळचा कागद ही उणीव भरून काढतो आणि त्याला खर्च जवळजवळ काहीच नाही.

दारोदार जाणं

वेळ सगळ्यात जास्त यालाच लागतो. 92 घरांना आम्हा चौघांना तीन संध्याकाळी लागल्या. पण कागदावरून जे मिळत नाही ते इथे मिळतं: कोणाला जिना उतरता येत नाही, कोण व्हीलचेअरवर आहे, कोणत्या घरात दिवसा फक्त लहान मूल आणि सांभाळणारी मावशी असते. प्रत्येक घरी दोनच गोष्टी सांगायच्या. तुमच्या मजल्यावर काय बिघडलंय ते, आणि तुमच्यासाठी जवळचा रिफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची सुरक्षित जागा, कोणत्या मजल्यावर आहे ते. दुसरी गोष्ट आम्ही आधी विचारून बघितली, तर उत्तर निम्म्याहून अधिक घरांत चुकलं. काहींना ती जागा दिवाळीच्या कंदिलांच्या वर्गासाठी आहे असं वाटत होतं.

वार्षिक सर्वसाधारण सभा खर्चाच्या मंजुरीसाठी हवीच, पण ती वर्षातून एकदा आणि उपस्थिती जेमतेम, म्हणून कळवण्याचं साधन म्हणून तिच्यावर विसंबू नका. मॉक ड्रिल, म्हणजे आग लागल्याचा सराव, 14 ते 20 एप्रिलच्या अग्निशमन सेवा सप्ताहात ठेवता येतं. 1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ तो पाळतात आणि त्या दिवसांत अग्निशमन दलाची माणसं प्रात्यक्षिकं देतात.

मग तुम्ही काय निवडाल?

इमारत सात-आठ मजल्यांची आणि सगळे एकमेकांना ओळखणारे असतील, तर कागद आणि दारोदार एवढं पुरे. वीस मजल्यांच्या वर, भाडेकरू बरेच असतील, तर चाचणीसाठी उद्घोषणा, निकालासाठी प्रत्येक मजल्यावर कागद आणि वर्षातून एकदा तरी दारोदार. अ‍ॅप फक्त नोंदीला. समितीत दोनच माणसं काम करत असतील, तर बाकी सगळं सोडा आणि कागद धरा. मराठी, हिंदी आणि तुमच्याकडे बोलली जाणारी आणखी एखादी भाषा, मोठ्या अक्षरात. एक प्रत वॉचमनच्या केबिनमध्येही लावा, कारण रात्री दोन वाजता पंपाच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असते.

दुरुस्ती झाली की त्या ओळीवर पेनानं रेघ मारून तारीख टाका. जुलैचा कागद लावताना जानेवारीचा काढू नका, दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. रेघ न मारलेली तीच ओळ दोन्ही कागदांवर दिसली, तर पुढच्या सभेत पहिला विषय तोच घ्या.