डाकोटाचे १:७२ मॉडेल किट : बांधणी उत्तम, सोबतची पुस्तिका अपुरी

डग्लस डीसी-३, म्हणजे आपण ज्याला डाकोटा म्हणतो, त्या विमानाचे १:७२ प्रमाणातील प्लास्टिकचे मॉडेल किट नागपूरच्या सीताबर्डीतील एका दुकानातून घेतले. मूळ विमानाच्या पंखांचा पसारा ९५ फूट असल्याने जोडून झालेले मॉडेल सुमारे ४० सेंटीमीटर रुंद होते, त्यामुळे ते ठेवण्याची जागा आधीच पाहून ठेवावी. सुटे भाग एकमेकांत नीट बसतात आणि कारागिरीत खोट काढण्यासारखे फारसे काही नाही. पंखांच्या पुढच्या कडेवरील बर्फ फोडणाऱ्या रबरी पट्ट्या वेगळ्या उठावात दाखवल्या आहेत. चाके आत ओढलेल्या स्थितीत जोडली, तर त्यांचा खालचा भाग मूळ विमानाप्रमाणेच बाहेर राहतो. चाके उघडली नाहीत आणि पोटावर उतरावे लागले, तर याच बाहेर राहिलेल्या चाकांमुळे विमानाचे नुकसान कमी होत असे. इतकी बारीक गोष्ट निर्मात्याने सांभाळली, याचे मनापासून कौतुक वाटते.

तक्रार आहे ती सोबतच्या पुस्तिकेविषयी. तीत या विमानाला ‘सर्वांत सुरक्षित’ असे प्रशस्तिपत्र दिले आहे आणि अपघातांबद्दल एक ओळही नाही. वास्तविक या विमानाचा वंशच एका अपघातातून सुरू होतो. ३१ मार्च १९३१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फोकर एफ-१० जातीचे प्रवासी विमान कोसळले आणि अमेरिकन फुटबॉलचे प्रसिद्ध प्रशिक्षक नूट रॉकनी यांच्यासह आठ जण दगावले. त्याच्या लाकडी पंखातील सरसाने चिकटवलेले जोड ओलाव्याने कमकुवत झाले होते. त्यानंतर लाकडी पंखांवरचा विश्वास उडाला. १९३२ मध्ये टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीने संपूर्ण धातूचे, आणि एक इंजिन बंद पडले तरी उड्डाण पुरे करू शकेल असे विमान मागितले. त्यातून डीसी-१, मग डीसी-२ आणि १७ डिसेंबर १९३५ रोजी प्रथम उडालेले डीसी-३ अशी पिढी घडली.

याचा अर्थ डाकोटा पडत नसे असा मात्र नाही. १६ जानेवारी १९४२ रोजी अभिनेत्री कॅरोल लोम्बार्ड यांना घेऊन निघालेले डीसी-३ नेवाडातील डोंगरावर आदळले आणि सर्व २२ जण मृत्युमुखी पडले. तिथे यंत्र शाबूत होते, चुकली ती अंधारातली वाट. दुसऱ्या प्रकारचा धोका मात्र यंत्राच्या स्वभावातच होता. उंचीवर, पुरेशा वेगात एक इंजिन बंद पडले, तर उरलेल्या इंजिनावर विमान निभावून नेता येई. पण धावपट्टी सोडताना, भार पूर्ण आणि वेग अपुरा असताना तेच घडले, तर चालू इंजिन विमानाला बंद बाजूकडे वळवू लागते आणि कमी वेगात सुकाणू तो ओढा पुरता आवरू शकत नाही. वैमानिकाला काही सेकंदांत बंद इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याच्या धारेला समांतर करून त्यांचा अडथळा कमी करावा लागतो. उंची नसताना ती सेकंदे फार अपुरी पडतात.

नागपूरकरांना हे पुस्तकातून शिकण्याची गरज पडू नये. जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री निघालेली टपाल-विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. याच सेवेतील मद्रासकडे निघालेले डाकोटा १२ डिसेंबर १९५३ रोजी सोनेगावहून उडताच इंजिन निकामी होऊन कोसळले. चौदांपैकी तेरा जण गेले, त्यांत कामगार नेते हरिहरनाथ शास्त्री होते. वाचले ते एकटे कप्तान. एका मृत प्रवाशाच्या पत्नीने भरपाईसाठी लावलेला दावा कलकत्ता उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिकिटावर छापलेली जबाबदारी नाकारणारी अट न्यायालयाने ग्राह्य धरली. माझ्या मते या विमानाच्या सुरक्षिततेच्या इतिहासात हा निकालही मोडतो, कारण अपघातानंतर मागे राहिलेल्यांच्या वाट्याला काय आले, हे तो सांगतो.

किट घ्यावे की नाही, तर अवश्य घ्यावे. शेपटीखालील चाकावर बसणारे विमान असल्याने नाकात वजन भरण्याची खटपट नाही. चाकांचे दांडे मात्र नाजूक आहेत, ते पूर्ण वाळल्याशिवाय मॉडेल उभे करू नये. सोबतची चिन्हे केवळ अमेरिकी लष्कराची आहेत, त्यामुळे टपाल-विमान करायचे असेल तर ‘व्हीटी’ने सुरू होणारी भारतीय नोंदणी-अक्षरे स्वतःच रंगवावी लागतील. पुढच्या आवृत्तीत निर्मात्याने ती चिन्हे द्यावीत आणि पुस्तिकेत अपघातांचे एक पान जोडावे.