जुन्या गाडीच्या छपरावरचं रेक्झिन: ठेवायचं, सोलायचं की नवं चढवायचं?

काकांची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे फोंड्याला आली तेव्हा तिच्या छपरावर काळं रेक्झिन होतं. लांबून झकास दिसायचं. मागच्या काचेच्या वर, दोन्ही कोपऱ्यांत मात्र लिंबाएवढे फुगे आले होते आणि बोटाने दाबले की आत पापड मोडल्यासारखं कुरकुरायचं. तो गंजाचा पापुद्राच होता. तुमच्या गाडीला असे फुगे असतील तर पुढे काय करायचं, याचे तीन रस्ते आहेत. तिन्ही मी जवळून पाहिलेत, म्हणून हे लिहितोय.

आधी रेक्झिन कोणी लावलंय ते शोधा. साठ-सत्तरच्या दशकांतल्या अमेरिकन आणि ब्रिटिश गाड्यांना व्हिनाइलचं, म्हणजे अशाच रेक्झिनचं, छप्पर कारखान्यातूनच यायचं. वरून झाकलंच जाणार म्हणून अशा बऱ्याच गाड्यांत खालचा पत्रा पूर्ण रंगवत नसत, नुसत्या प्रायमरवर भागवत. छप्पर आणि खांब जिथे जोडलेत तो सांधाही गुळगुळीत करत नसत. आपल्याकडच्या पद्मिनी, अँबॅसेडरवर मात्र बहुतेक वेळा कुशनवाल्याने नंतर, मूळ रंगावरच चिकटवलेलं असतं. गोव्यात १९६१ च्या आधी आलेल्या परदेशी गाड्यांपैकी एखादी घरात असेल आणि तिच्यावर रेक्झिन दिसलं, तर तेही बहुधा मागाहूनचंच. फरक साधा आहे. नंतर लावलेलं काढलं की गाडी मूळ रूपाकडे जाते. कारखान्यातलं काढलं की मूळ रूपापासून दूर जाते आणि सांध्यांचं कामही वाढतं.

ठेवायचं असेल तर एकच अट आहे: खाली कोरडं हवं. बघायचं कसं? मागच्या आणि पुढच्या काचेचं रबर जिथे छपराला लागतं ती कड, पन्हाळीची (छपराच्या कडेने पाणी वाहून नेणाऱ्या खाचेची) कड आणि क्रोम पट्टीच्या क्लिपांच्या जागा तपासा. क्लिपसाठी पत्र्याला भोक असतं आणि पाणी तिथूनच आत शिरतं. छपराच्या मधोमध रेक्झिन ताठ, चकचकीत असतं, त्यावर विसंबू नका. आतलं सीलिंगचं कापड कोपऱ्यात थोडं सोडवून खालून पत्र्याला हात लावा. पिवळसर डाग असेल, हाताला भुकटी लागत असेल, तर ठेवण्याचा विचार सोडा. सगळं कोरडं निघालं तर शिवणीला आणि कडांना सीलंट भरा, वर्षातून दोनदा पाहा, बस्स. कारखान्यातलं, धडधाकट छप्पर उगाच सोलू नये असं माझं ठाम मत आहे.

पण आपल्याकडे धडधाकट सापडणं कठीण. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यात समुद्राची खारी हवा. उन्हाने रेक्झिनमधला मऊपणा जातो, ते आकसतं, शिवण उसवते, सुईएवढ्या भेगा पडतात. त्यातून गेलेलं पाणी मागच्या कापडी अस्तरात मुरतं आणि पत्र्याला ओल्या पोतेऱ्यासारखं चिकटून राहतं. उघड्या पत्र्यावरचं पाणी वाऱ्याने वाळतं, हे वाळत नाही.

म्हणून नंतर लावलेलं रेक्झिन असेल तर माझा कौल काढण्याकडे आहे. त्यातही कसं काढायचं यावर बरंच अवलंबून असतं. कड सोडवून, हीट गनने हलकं गरम करत, हाताने ओढत सोलणं हा सर्वांत बरा मार्ग. वेळ लागतो, पण पत्रा शाबूत राहतो. गन एका जागी धरू नका. छपराचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा, जास्त तापला की लाट येते आणि ती टिंकरलाही (पत्रा ठोकून सरळ करणाऱ्यालाही) सहज बसवता येत नाही. शिवाय हे पीव्हीसी आहे. करपलं तर घशाला झोंबणारा आम्लाचा धूर सुटतो, तेव्हा मास्क लावून मोकळ्यावरच काम करा. आतलं सीलिंग आधी उतरवा. काही जण सरळ ग्राइंडरला तारेचा ब्रश लावतात. राहिलेला चिकट थर त्याने निघत नाही, वितळून सगळीकडे माखतो आणि पत्रा मात्र झिजतो. तो थर टर्पेंटाईनमध्ये भिजवलेलं फडकं ठेवून मऊ करायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचा. केमिकल स्ट्रिपर रंग उडवायला चांगला, पण पन्हाळीच्या सांध्यात अडकून राहिला तर नवा रंग महिन्याभरात फुगवतो.

माझी चूक सांगतो. मी मे महिन्यात सोललं. वाटलं, पंधरा दिवसांत होईल. खाली निघाली बोटभर रुंदीची चाळणी, दोन्ही कोपऱ्यांत. तेवढा पत्रा कापून नवा जोडावा लागला, पुट्टी भरली आणि पाऊस आला. पुट्टी पाणी शोषते. आठवडाभर ती तशीच दमट हवेत उघडी राहिली, वर रंग मारला आणि चतुर्थीपर्यंत तिथेच पुन्हा बुडबुडे. सगळं खरवडून परत केलं. म्हणून सांगतो, हे काम तुळशीच्या लग्नानंतर काढा आणि शिगम्याच्या आत संपवा. आपल्या हवेत उघड्या पत्र्यावर रातोरात तांबूस झाक येते, म्हणून जेवढं घासलं तेवढ्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर बसला पाहिजे. पुट्टी प्रायमरच्या वर द्या आणि तीही लगेच झाका.

तिसरा रस्ता नवं रेक्झिन चढवण्याचा. कारखान्यातूनच तसं छप्पर असलेल्या गाडीला हाच योग्य, कारण ती त्याशिवाय अपुरी दिसते. पण याला स्वस्त समजू नका. खालचं सगळं काम, म्हणजे गंज, पत्रा, प्रायमर, अगदी शेवटच्या रंगापर्यंत, दुसऱ्या रस्त्याइतकंच करावं लागतं आणि वर रेक्झिनचा खर्च येतो. 'वरून झाकणारच आहे, रंग कशाला?' असं गॅरेजवाला म्हणाला तर तिथे काम देऊ नका. सोफ्याचं रेक्झिनही नको, ते उन्हात दोन-तीन वर्षांत तडकतं. बाहेरच्या वापराचंच मागा. आणि काचा काढूनच लावून घ्या. रबराच्या कडेपाशी कापून चिकटवलेलं रेक्झिन पहिल्याच पावसाळ्यात पाणी पितं.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल आणि व्हिंटेज म्हणून नोंदवायचा विचार असेल, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांत मूळ रूप जपण्याची अट आहे. सोलण्याआधी, सोलताना आणि नंतरचे फोटो तारखेसह ठेवा, काढलेल्या क्रोम पट्ट्या आणि क्लिपा डब्यात जपून ठेवा. पद्मिनीच्या पट्ट्या मी भंगारात दिल्या, त्याची हळहळ अजून वाटते.

काकांच्या गाडीचं छप्पर आता पांढरं आहे. काळ्या रेक्झिनखाली एप्रिलमध्ये आत बसवत नसे, आता बसवतं. रात्री ती पडवीला लागून पत्र्याच्या शेडमध्ये असते, वर काही घालत नाही. प्लॅस्टिकची ताडपत्री टाकली तर खाली तीच ओल साचते, म्हणून झाकायचंच असेल तर सुती कापड, तेही कोरड्या दिवसांत.