सिबिल रिपोर्टमधली चूक दुरुस्त करताना : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

डिसेंबर २०२४मध्ये सांगलीत फ्लॅटसाठी कर्जाचा अर्ज केला आणि चौथ्याच दिवशी बँकेतून फोन आला, "मॅडम, तुमचं सिबिलला अडकलंय." सिबिल म्हणजे आपली कर्जं आणि हप्ते यांची नोंद ठेवणारी कंपनी. मी शाळेच्या ऑफिसात कामाला आहे. पगार वेळेवर होतो आणि आजवर एक हप्ता चुकवलेला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी सिबिलच्या साइटवर पॅन नंबर टाकून रिपोर्ट काढला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या अशी नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. साइटवर पैसे भरायच्या योजना दिसल्या तरी मोफतचा पर्याय शोधा, तो असतोच. आपला रिपोर्ट आपण पाहिल्यानं स्कोअर (कर्जफेडीचे आपले गुण) कमी होत नाही. या भीतीनं मी इतकी वर्षं पाहिलाच नव्हता, त्याचं आज वाईट वाटतं.

स्कोअर होता ६४१. तो ३०० ते ९००मध्ये मोजतात. पण नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. कळतं ते खात्यांच्या पानावर. तिथं प्रत्येक कर्जाखाली महिन्यांची छोटी छोटी घरं असतात आणि हप्ता किती दिवस थकला ते त्या घरात लिहिलेलं असतं. सगळं वेळेवर असेल तर ०००. माझ्या फ्रिजच्या कर्जाखाली अकरा घरं ०००, मग मार्च २०२४ला ०२६, एप्रिलला ०५६, मेला ०८७, आणि असं वाढत वाढत नोव्हेंबरला २७०. तो फ्रिज २,१६६ रुपयांच्या बारा हप्त्यांवर घेतला होता. मध्येच पगाराचं खातं बदललं, म्हणून शेवटचा हप्ता फायनान्स कंपनीनं पाठवलेल्या लिंकवरून ४ मार्चला यूपीआयनं भरला होता. फोनमध्ये पावती होती.

लगेच सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंदीत चूक असल्याची तक्रार, टाकला. रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर लागतो, चुकीची ओळ निवडायची असते, दहा मिनिटांचं काम आहे. विसाव्या दिवशी उत्तर आलं की कर्ज देणाऱ्यानं माहिती बरोबर असल्याचं कळवलंय, त्यामुळे बदल नाही. मला तेव्हा रडू आलं. आता त्यामागचं कारण समजलंय. सिबिल स्वतःहून एक अक्षरही बदलू शकत नाही. तुमची तक्रार ते कर्ज देणाऱ्याकडे पाठवतात आणि तो जे म्हणेल तेच रिपोर्टात राहतं. चूक त्याच्या वहीत असेल तर आधी ती वही दुरुस्त व्हायला हवी.

म्हणून फायनान्स कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. तिकडची मुलगी गोड बोलली, म्हणाली, "मॅम, थोडे पैसे भरून सेटलमेंट करून टाका, विषय संपेल." कृपा करून हे कधीच करू नका. रिपोर्टवर 'सेटल्ड' असं लागतं आणि पुढचा प्रत्येक कर्ज देणारा त्याचा अर्थ 'यांनी पूर्ण पैसे दिले नाहीत' असाच लावतो. ओळखीच्या एकानं पाच हजारांत सिबिल दुरुस्त करून देणारा माणूसही सुचवला. जे सिबिलला जमत नाही ते हा माणूस कुठून करणार?

मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. त्यांचा पत्ता कंपनीच्या साइटवर अगदी तळाशी सापडला. सोबत यूपीआयची पावती, बारा आकडी यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा क्रमांक) आणि बँकेचं स्टेटमेंट जोडलं. नवव्या दिवशी उत्तर आलं: रक्कम मिळालेली आहे, पण कर्जखात्याला लागली नव्हती. दिलगिरी आणि काही बाकी नसल्याचं नो ड्यूज सर्टिफिकेट एकाच मेलमध्ये.

फेब्रुवारीत रिपोर्ट पाहिला तर खातं बंद, बाकी शून्य. मी देवापुढे साखर ठेवली. मग खाली नजर गेली. ती नऊ घरं तशीच होती, ०२६ पासून २७० पर्यंत! खातं बंद दाखवलं म्हणजे मागच्या महिन्यांचा डाग पुसला गेला असं होत नाही. तो वेगळा सांगावा लागतो. १० फेब्रुवारीला दुसरा डिस्प्यूट टाकला आणि कंपनीलाही मेल केला, त्यात नऊही महिने नावानिशी लिहून प्रत्येकापुढं '००० हवे' असं लिहिलं.

आता दिवस मोजायला लागले, कारण २६ एप्रिल २०२४पासूनचा नियम आहे: तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. कर्ज देणाऱ्यानं एकवीस दिवसांत दुरुस्त माहिती पाठवली नाही तर ती त्यानं द्यायची, त्यानं वेळेत पाठवूनही काम रखडलं तर ब्युरोनं, म्हणजे सिबिलसारख्या कंपनीनं. माझी दुरुस्ती २३ मार्चला, एकेचाळिसाव्या दिवशी झाली. भरपाईसाठी तारखांसकट एक मेल लिहावा लागला, मग ११०० रुपये खात्यात आले. त्या पैशांपेक्षा मला नियमाची तारीख पाठ होती याचा उपयोग जास्त झाला. त्या मेलनंतर माझ्याशी बोलण्याची भाषाच बदलली. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायची तयारीही ठेवली होती. तिथं तक्रारीला फी नाही, मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. म्हणून सगळं मेलवर करा, फोनवर नाही.

मेमध्ये स्कोअर ७४८ झाला आणि जूनमध्ये कर्ज मंजूर झालं, दुसऱ्या बँकेतून.

एक गोष्ट मात्र मला कुणीच सांगितली नव्हती. सिबिलला टाकलेला डिस्प्यूट सिबिलपुरताच असतो. बाकीचे तीन रिपोर्ट काढले तेव्हा दोघांकडे कंपनीच्या नव्या माहितीनं घरं आपोआप बदललेली होती. एका ब्युरोकडे मात्र जुलैमध्येही ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची दोन घरं २४० आणि २७० अशीच आहेत. तिथं नो ड्यूज जोडून वेगळी तक्रार केली आहे. आज तिचा चौदावा दिवस.