सेस्ना ३३७ स्कायमास्टर: सिम्युलेटरवर दिवाळीपासून आखाडापर्यंत

आधी निकाल सांगते, मग कारणं. विमान झकास आहे, आणि दोन इंजिनांचं असूनही सोपं आहे. पण ज्या सोपेपणासाठी त्याचं नाव झालं, तिथेच सगळ्यात जास्त डोळे उघडे ठेवावे लागतात.

मी कमर्शियल लायसन्स काढून एअरलाइनच्या भरतीची वाट बघणाऱ्यांपैकी एक. हाताची सवय सुटू नये म्हणून अमळनेरला घरीच सिम्युलेटर मांडलाय, आणि दिवाळीत भावाने या विमानाचं सॉफ्टवेअर मॉडेल घेऊन दिलं. तेव्हापासून लाईट असेल त्या प्रत्येक संध्याकाळी जळगावच्या धावपट्टीवरून हेच उडवतेय.

ज्यांनी हे विमान पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एक इंजिन नाकात, दुसरं केबिनच्या पाठीमागे. पुढचा प्रोपेलर ओढतो, मागचा ढकलतो. मागच्या प्रोपेलरला जागा मिळावी म्हणून शेपूट दोन लांब दांड्यांवर नेलेलं. आजीने स्क्रीनवर बघून पहिलाच प्रश्न विचारला, "हाई मांगे पंखा कसाले शे वं?" प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. नेहमीच्या ट्विनमध्ये, म्हणजे दोन इंजिनांच्या विमानात, इंजिनं दोन्ही विंगवर असतात. एक बंद पडलं की विमान त्या बाजूला ओढ घेतं. वेग कमी असेल आणि पाय रडरवर, म्हणजे शेपटीचं सुकाणू वळवणाऱ्या पेडलवर, वेळेत गेला नाही, तर क्षणात उलटं होतं. अशा अपघातांत कितीतरी वैमानिक गेले. सेस्नाने दोन्ही इंजिनं मधल्या रेषेत ठेवून ही ओढच काढून टाकली. १९६१ मध्ये पहिलं उड्डाण झालं, मग स्थिर चाकांचं ३३६ आलं, आणि १९६५ पासून चाकं आत घेणारं ३३७. इंजिनं काँटिनेंटलची, प्रत्येकी २१० अश्वशक्ती. अमेरिकेतलं उत्पादन १९८० ला थांबलं. लष्करी प्रकार धरून जवळपास ३००० विमानं बनली.

आता मुद्द्याचं. भावाला सांगून ठेवलं होतं, मला न कळवता कधीही एक इंजिन बंद कर. तो मागे खुर्ची टाकून बसायचा आणि माझं लक्ष सातपुड्याच्या रांगेवर गेलं की बटण दाबायचा. उडताना पुढचं बंद पडलं तर आवाज बदलतो, वेग उतरतो, पण नाक जागचं हलत नाही. पायाला काहीच काम नाही. मल्टी-इंजिनचं ट्रेनिंग साध्या ट्विनवर झालेल्या माणसाला हे पहिल्यांदा विचित्र वाटतं, मग फार आवडतं.

खरी गोम टेक-ऑफला आहे. मागचं इंजिन धावपट्टीवरच मेलं तर विमान सरळच धावत राहतं. प्रोपेलर पाठीमागे, दिसत नाही. पुढचं इंजिन समोर एवढं गरजत असतं की कानालाही पटकन कळत नाही. खऱ्या आयुष्यात लोकांनी मागचं इंजिन बंद असताना टेक-ऑफ सुरू केले आणि अपघात झाले. शेवटी अमेरिकेत एका इंजिनवर टेक-ऑफ सुरू करू नये अशी पाटी कॉकपिटमध्ये लावणं सक्तीचं झालं. जाणते वैमानिक म्हणूनच मागचा थ्रॉटल, म्हणजे त्या इंजिनाची ताकद वाढवायची दांडी, आधी पुढे नेतात, त्याचे काटे चढलेले बघतात, मग पुढचा. मी आता तसंच करते. एकाच गोल घड्याळात दोन काटे असतात, एकावर एफ (फ्रंट, पुढचं), एकावर आर (रिअर, मागचं). दोन्ही एकावर एक बसले की डोळ्यांना एकच दिसतात, आणि त्यांच्यात फट पडली की समजायचं. तरी नुसत्या आरपीएमवर, म्हणजे फेऱ्यांच्या काट्यावर, विसंबू नका. मेलेल्या इंजिनाचा प्रोपेलर हवेने फिरत राहतो आणि काटा वर राहू शकतो. इंधनाचा प्रवाहही बघा.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम तपासली. दोन्हींपैकी कुठल्या एकावर विमान बरं चढतं? मागच्यावर. मागचा प्रोपेलर केबिनमागे विस्कटणारी हवा ओढून घेतो, त्यामुळे हवेचा रोध कमी होतो. म्हणजे जे इंजिन दिसत नाही आणि ज्याच्यावर लक्ष राहत नाही, तेच जास्त कामाचं.

इथेच खान्देशचं ऊन मध्ये येतं. जळगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरवर आहे, पण मे महिन्यात पारा ४५ वर गेला की हवा चौदाशे-पंधराशे मीटर उंचीवर असते तितकी विरळ होते. हवामान तसं लावून, वजन २१०० किलोच्या कमाल मर्यादेपर्यंत भरून, टेक-ऑफनंतर इंजिन बंद करून बघा. विमान सरळ राहील, पण चढायचं नाव घेणार नाही. त्यात चाकं आत घ्यायला गेलात तर आधी त्यांची दारं उघडतात आणि रोध उलट वाढतो. आधी मेलेला प्रोपेलर फेदर करायचा, म्हणजे रोध कमी व्हावा म्हणून त्याची पाती हवेला धारेने उभी करायची, चाकांचं नंतर. दोन इंजिनं आहेत म्हणून सुखरूप, असं म्हणणाऱ्याने हा प्रयोग एकदा तरी करावा.

मग याचा उपयोग कशाला? खाली बघायला. विंग वर आहे, वैमानिकाची जागा तिच्या पुढे, त्यामुळे बाजूला आणि खाली नजर मोकळी. अमेरिकी हवाई दलाने ओ-२ नावाने ५०० हून अधिक घेतली आणि १९६७ पासून व्हिएतनाममध्ये टेहळणी करून हल्ल्याची जागा दाखवायला वापरली. उजवीकडच्या दारात खालीही काच बसवली होती, कारण डावीकडच्या वैमानिकाला त्या बाजूचं नीट दिसत नसे. पुढे कॅलिफोर्नियाच्या वनखात्याने तीच जुनी विमानं वणवा विझवणाऱ्या विमानांना वरून दिशा द्यायला वापरली. हे वाचल्यापासून माझी आवडती सफर ठरलीय: चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमापासून नदी धरून प्रकाशा गावापर्यंत, आणि परतताना तोरणमाळवरून सातपुड्याच्या कडेकडेने. वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास. फाल्गुन-चैत्रात आपल्या या डोंगरांत वणवे पेटतात, धूर अमळनेरपर्यंत जाणवत नाही, पण जंगल जळतं. असं एखादं विमान वरून फिरत असतं तर धुराची पहिली रेघ दिसली असती, असं मला मनापासून वाटतं.

बदनामीची बाजूही खरी आहे. अमेरिकेत फक्त या विमानावर मल्टी-इंजिन रेटिंग (एकाहून जास्त इंजिनांची विमानं उडवायची परवानगी) काढलं तर ते मधल्या रेषेच्या इंजिनांपुरतंच मर्यादित राहतं. म्हणून शिकवणाऱ्यांना याचा उपयोग कमी. आवाज फार, कारण मागचा प्रोपेलर पुढच्याने ढवळलेल्या हवेत फिरतो. आणि मागच्या इंजिनाला जमिनीवर पुरेशी थंड हवा मिळत नाही.

नेमकं हेच माझ्या मॉडेलमध्ये नाही. भर मे महिन्याच्या हवेत जळगावला इंजिनं चालू ठेवून बसले, मागचं तापमान पुढच्याइतकंच राहिलं. पैसे घेऊन विकलेल्या मॉडेलकडून ही अपेक्षा रास्त आहे. कंपनीला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. बाकी घड्याळं, फेदरिंग, चाकांचं वागणं चोख.

घ्यायचं असेल तर थ्रॉटल, प्रोपेलर आणि मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण) यांच्या दोन-दोन मिळून सहा दांड्यांचा क्वाड्रंट आधी घ्या. एका दांडीने दोन्ही इंजिनं एकत्र चालवलीत तर मागचा थ्रॉटल आधी नेण्याची सवय लागणारच नाही, आणि या विमानावर शिकण्यासारखी पहिली गोष्ट तीच आहे.