सायकलच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, लिथियम ग्रीस की सिंथेटिक?
पुण्याच्या उन्हाळ्याला घाबरून महागडं ग्रीस घेऊ नका. साधं लिथियम ग्रीस १५० अंशांनाही वितळत नाही. एप्रिलमधले ४० अंश त्याच्या खिजगणतीतही नाहीत. इथला खरा शत्रू पावसाळा. सिंहगडाच्या रस्त्यावरचं पाणी हबमध्ये शिरतं, म्हणून पाऊस संपला की बेअरिंग उघडून नवं ग्रीस भराच.

हिवाळ्यात हिमालयातल्या स्पितीला निघालात तर गणित बदलतं. उणे २० अंशांत लिथियम ग्रीसमधलं खनिज तेल घट्ट होतं. चाक जड फिरेल, ते एकवेळ सोसवेल. पण मागच्या हबला पायडलशी जोडणाऱ्या फ्रीहबमधले पॉल, म्हणजे दात्यांत अडकणारे छोटे खटके, चिकटले की पायडल नुसतंच फिरतं! तिथे कमी तापमानासाठीचं सिंथेटिक ग्रीसच हवं, तेही पॉलना अगदी पुसटसं. जुनं ग्रीस मात्र आधी डिझेलने धुऊन काढा.