रुबीचा हॅश: शून्य दिलं तर गुणी, अ‍ॅरे दिला तर दगा

रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या हॅशला (‘की’ म्हणजे नाव आणि त्यापुढे त्याची व्हॅल्यू, अशा जोड्यांचा साठा) पाचपैकी साडेतीन स्टार, आणि कापलेला दीड स्टार सगळा डिफॉल्ट व्हॅल्यूच्या, म्हणजे की सापडली नाही तर मिळणाऱ्या व्हॅल्यूच्या, नावाने.

शब्द मोजायचे असले की नवा हॅश बनवणाऱ्या हॅश डॉट न्यूला डिफॉल्ट म्हणून शून्य द्या, झकास चालतं. त्याच भरवशावर मी रिकामा अ‍ॅरे (यादी) दिला, टॅगनुसार पोस्ट गोळा करायच्या होत्या, म्हटलं प्रत्येक कीला आपापला अ‍ॅरे मिळेल. शॉव्हेलने (अ‍ॅरेच्या शेवटी भर घालणारं << हे चिन्ह) पोस्ट ढकलत गेलो, ना एरर ना वॉर्निंग, आणि शेवटी हॅश प्रिंट केला तर रिकामा! साइझ 0. पण गंमत बघा, जन्मात न टाकलेली की मागितली तरी सगळ्या टॅगच्या सगळ्या पोस्ट एकगठ्ठा हजर. तासभर मी इकडेतिकडे बग शोधत बसलो. माल सगळा डिफॉल्टच्या पोटात होता, कारण अ‍ॅरे एकच, न्यूच्या वेळी एकदाच बनलेला, की सापडली नाही की तोच हातात येतो आणि शॉव्हेल त्यातच भरत राहतो, हॅशमध्ये असाइन काहीच होत नाही. शून्याचं निभावतं कारण तिथे आपण प्लस-इक्वल (+=) लिहितो, म्हणजे दर वेळी असाइन होतंच.

इलाज म्हणजे न्यूला ब्लॉक, म्हणजे की सापडली नाही की चालणारा कोडचा तुकडा, द्यायचा, त्यात हॅश आणि की दोन्ही मिळतात, तिथेच नवा अ‍ॅरे त्या कीला असाइन करायचा. असाइन विसरून नुसता अ‍ॅरे परत केलात तर पुन्हा हॅश रिकामाच, फक्त या वेळी डेटा कुठेच सापडणार नाही 😀

ब्लॉकचीही एक खोड आहेच, नुसतं वाचायला गेलं तरी की तयार होते (पायथॉनचा डिफॉल्टडिक्ट पण असाच). म्हणून एखादी की हॅशमध्ये आहे का ते बघायला फेच ही मेथड वापरा, तो डिफॉल्टला विचारतच नाही, सरळ की-एरर देतो. आणि ऑब्जेक्ट साठवण्यासाठी बाइट्समध्ये बदलणारा मार्शल डंप असला ब्लॉकवाला हॅश घेत नाही, आधी डिफॉल्ट प्रॉक (तोच दिलेला ब्लॉक) निल, म्हणजे रिकामा, करावा लागतो, हे मला ऐन वेळी कळलं.

मोजणीसाठी रुबी 2.7 पासून टॅली ही मेथड आहे, गटांसाठी ग्रुप बाय, त्यामुळे निम्म्या वेळा डिफॉल्टची गरजच पडत नाही. तरी द्यायचाच असेल तर मी आता अ‍ॅरे फ्रीझ करून (म्हणजे बदलता येणार नाही असा) देतो, मग कोणी शॉव्हेल मारला की त्याच ओळीवर फ्रोझन एरर. हे रुबीने स्वतःहून केलं असतं तर चार दिले असते.